मोडाच्या पिठाची चिमूट

आता माझं काम खुर्चीतलं आहे. शाळांच्या पोषण आहाराचे अहवाल येतात, मी वाचते, सही करते, पंख्याखाली चहा पिते. पण कुठं मूगडाळ भाजल्याचा वास आला की मला ती खोली आठवते आणि परत जावंसं वाटतं. अगदी मनापासून वाटतं.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी चोवीस वर्षांची, नुकती पास झालेली आहारतज्ज्ञ होते. एका दवाखान्यात कुपोषित लेकरांसाठी दहा खाटांचा वॉर्ड होता. त्याला लागून छोटं स्वयंपाकघर. खिडकीत कडुलिंब, ओट्यावर दोन शेगड्या, आणि सकाळपासून तांदूळ-मूगडाळीच्या खिमटाचा वास. त्या खोलीची मी राणी होते. माझा एक नियम होता: चमचा तिरका केला तर खिमट सांडता कामा नये. पातळ म्हणजे पाणी, आणि पाण्यानं वजन वाढत नाही. लेकरांच्या आया मला पाहिलं की आधी चमचा तिरका करून दाखवायच्या.

दुसरं काम आयोडीनचं. फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर काटकसरीला लागतं, पचनाचे रससुद्धा हात राखून सोडतं. मग भात, खिमट, असलं पिठूळ अन्न पोटात जातं खरं, पण त्यातलं बरंचसं न पचताच बाहेर येतं. लंगोटातली थोडी घाण काचपट्टीवर घेऊन तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळंकाळं झालं की समजायचं, अन्न वाया गेलं. त्याच वर्षी घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आई घाईनं म्हणायची, ‘दवाखान्यात असते.’ पुढचं ती सांगत नसे.

त्या हिवाळ्यात बिडकीनच्या पलीकडच्या एका खेड्यातून दीड वर्षाची मुलगी आली. आई नुकतीच बाळंत झालेली, म्हणून सोबत आत्या होती. पोरीची आत्या म्हणून चार दिवसांत अख्ख्या वॉर्डाची आत्या झाली. पोरगी रडायचीसुद्धा नाही, तेवढी ताकद नव्हती. सुरुवातीचे नुसत्या दुधावरचे दिवस तिनं कसेबसे काढले, आणि मग माझं खिमट सुरू झालं. पहिला घास ती गालात धरून ठेवायची, दुसरा कसाबसा गिळायची आणि तिसऱ्याला दमून झोपायची. जे पोटात जायचं तेही आयोडीनखाली निळंशार.

डॉक्टरबाईंनी सांगून टाकलं, ‘शनिवारपर्यंत वजन हललं नाही तर नाकातून नळी.’ आत्यानं नळी दुसऱ्या खाटेवरच्या लेकराला घातलेली पाहिली होती. तिकडून भावाचा फोन येत होता, नळी घालणार असतील तर घेऊन ये घरी. घरी नेली असती तर ती पोरगी वाचली नसती. हे मला कळत होतं, आत्यालाही कळत होतं.

बुधवारी मी फेरीला गेले, तर आत्या पोरीला वाटीतून काहीतरी ताकासारखं पाजत होती. मी चमचा तिरका केला. सगळं घळाघळा सांडलं.

‘आत्या, पाणी घातलंत?’

‘नाय ओ बाई, थेंब बी नाय. ते पीठ...’

‘मला शिकवू नका,’ मी म्हटलं आणि सगळ्या आयांसमोर वाटी मोरीत उपडी केली. पोरगी माझ्याकडं बघत होती. मी तिला नवं घट्ट खिमट आणून दिलं. तिनं तीन घास घेतले आणि झोपली.

गुरुवारी परत तेच. परत मी वाटी सांडली, या वेळी दोनदा, सकाळी आणि दुपारी. आणि वर दहा मिनिटं भाषण ठोकलं की लेकराच्या तोंडचं अन्न पातळ करणं हे पाप आहे. आत्या खाली मान घालून ऐकत होती. माझ्या आवाजाला तेव्हा फार धार होती. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

शुक्रवारी मी दाराआड उभी राहून पाळत ठेवली. आत्यानं वाटी फुंकून निववली, बोट बुडवून पाहिलं आणि पिशवीतल्या पितळी डबीतून चिमूटभर पीठ घालून ढवळायला लागली. मी जाऊन मनगट धरलं. तिनं हात सोडवला नाही, वाटीच माझ्यापुढं केली.

‘बघा की तुमीच.’

मी बघत राहिले. चमचा उभा राहील असं ते खिमट चमच्याभोवती सैल पडत गेलं आणि दोन-चार मिनिटांत पिण्याजोगं झालं. पाण्याचा थेंब नव्हता. तेवढंच अन्न, फक्त पातळ.

‘गव्हाला मोड आणायचे, सावलीत वाळवायचं, मोड चोळून काढायचे आन् दळायचं,’ आत्या म्हणाली. ‘आमच्यात पोरगं वरचं खायला लागलं की करून ठेवतेत. पोरीला चावायचं बळ नाय बाई, लई दमती ती. पिऊ तरी द्या.’

मी तिचं मनगट सोडलं. कारण हे मला माहीत होतं! मोड येताना धान्यात पाचक रस तयार होतो, तो स्टार्च तोडतो, शरीराचं अर्धं काम वाटीतच उरकतं. कॉलेजात या प्रश्नाचं उत्तर मी दोन पानं लिहिलं होतं आणि चांगले मार्क मिळवले होते. समोर वाटीत तेच घडत असताना मला फक्त पाणी दिसलं.

तरी मिजास लगेच जाते थोडीच! मी डबी ताब्यात घेतली आणि जंतू मरावेत म्हणून पीठ उकळत्या पातेल्यातच टाकायला लावलं. खिमट होतं तसंच घट्ट राहिलं. आत्या दारातून म्हणाली, ‘उकळत्यात मरतंय ते बाई. बोट सोसंल इतकं निवू द्या.’ मग तिच्या पद्धतीनं केलं. डॉक्टरबाईंनी एकच अट घातली, पातळ झाल्यावर परत एक उकळी काढायची. नळीसाठी त्यांनी तीन दिवसांची मुदतही वाढवून दिली.

पोरगी वाटी संपवायला लागली. थेंबाचा रंग निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा फिकट तपकिरी झाला. ती काचपट्टी मी हातात घेऊन वॉर्डभर दाखवत फिरले. सोमवारी काटा वर सरकला तेव्हा आत्या रडली, मीही रडले. नळी लागली नाही. गव्हाच्या मोडांची फडकी आमच्या खिडकीत कायमची आली.

आत्याची मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘व्हय व्हय, ऱ्हाऊ द्या आता,’ आणि मला वाटलं, मिटलं.

पोरीच्या बाबतीत मात्र ते मिटलं नव्हतं. ती दवाखान्यातून जायच्या दिवशी खाटेवर बसून स्वतःच्या हातानं पीत होती. मी कौतुकानं जवळ गेले, वाकले. तिनं चट्‌दिशी वाटी दोन्ही हातांनी छातीशी ओढली आणि माझ्यावर डोळे रोखून मोठ्यानं भोकाड पसरलं. महिन्यात पहिल्यांदाच मी तिचा आवाज ऐकला. काय जोर होता त्यात! मला आनंद झाला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. मी दोन पावलं मागं सरले, तेव्हा कुठं तिनं वाटी परत तोंडाला लावली.