बस्त्यावकाकांचा भुंगा

दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक, लोकांनी टाकून परत न नेलेल्या वस्तू. दुसरी, किस्से. वस्तू निदान कधीतरी भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? ते डोक्यातच पडून राहतात. आमच्या मालवणच्या खाऱ्या हवेत सगळं गंजतं, किस्से तेवढे गंजत नाहीत!

शाळा अर्धवट सोडली तेव्हापासून मी आबांच्या दुकानात आहे. विहिरीचे पंप, मिक्सर, टेबलफॅन. जळलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. दिवसभर एवढंच. घरी जेवायला बसलो की बोटं ताटातसुद्धा गोल गोल फिरतात. बाकीची वर्षं एकमेकांत मिसळून गेली. पण बस्त्यावकाकांचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आला ते वर्ष वेगळं आठवतं, कारण तेव्हा दमलो तेवढा पुन्हा कधी दमलो नाही.

*

बस्त्यावकाका आमच्या बाजारामागच्या आवाठातले, म्हणजे वाडीतले. नोकरी बोटीवर, इंजिनरूममध्ये. हौस गिटारची. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात त्यांनी हा जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. आत काचेच्या ट्यूबा, आजोबांच्या रेडिओत असायच्या तशा. तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची, म्हणून इथे तो नेहमी एका वेगळ्या डब्यातून, व्होल्टेज कमी करून लावावा लागे. धाकट्या मुलीच्या, ग्रेसीच्या साखरपुड्यात एका उत्साही पाहुण्याने तो डबा बाजूला सारला आणि पिन थेट भिंतीत घातली. दोनशेतीस व्होल्ट! आतले दोन्ही ट्रान्सफॉर्मर गेले. एक वीज घेणारा, दुसरा स्पीकरला आवाज पोचवणारा. पाहुणा म्हणाला, "धूर येता तो स्टेजसाठी आसा काय?"

काकांनी तो रिक्षातून दुकानात आणला. आबांनी चष्मा वर करून चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं,

"बस्त्याव, ह्यो खंयच्या विहिरीर बसवतलंस?"

काका हसले नाहीत. म्हणाले, "आबा, चेडवाच्या बाप्तिस्म्याक मी बोटीर. पयल्या कम्युनियनाक बोटीर. शाळेत तिका बक्षीस गावला तेव्हाय बोटीर. लग्नात तरी मी स्वतः वाजवतलंय असा सांगलंय तिका. एक तरी गोष्ट खरी होवक व्हयी."

लग्न ख्रिसमसनंतर होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं. त्याला अजून जळका वास येत होता.

*

आधी मुंबईला फोन लावून पाहिला. तिथला दुकानदार म्हणाला, "ट्यूबवाला? तो आता कोण वापरतं? फेकून द्या."

काकांना हे सांगायचा मला धीर होईना. शेवटी खाली बघून सांगून टाकलं.

काका म्हणाले, "मगे माकाय फेक त्याच्याबरोबर. आमी दोघांव एकाच वयाचे!"

झालं. म्हणजे दोन्ही ट्रान्सफॉर्मर आम्हीच बनवायचे ठरलं. आतल्या लोखंडी पत्र्याच्या पट्ट्या कुडाळहून कापून आणायच्या आणि तार हाताने गुंडाळायची. आबांनी जन्मात पंपाशिवाय काही गुंडाळलं नव्हतं. मीही नाही.

*

वस्तू घेताना आम्ही विचारतो, जळायच्या आधी काही त्रास होता का? काकांची बायको, रोझीमावशी, बरोबर आली होती. तिने लगेच सांगितलं,

"भुंगो!"

"भुंगो?"

"चालू केलो की भुंग्यासारखो हूंऽऽ करता. हे वाजवूंदेत नायतर गप बसूंदेत, तो आपलो चालूच. पण खरा सांगू? हे बोटीरसून इले ह्या आमच्या आवाठाक त्या भुंग्यावरसूनच कळायचा. आणि ग्रेसी ल्हान असताना तो आयकल्याशिवाय झोपायची नाय. खुर्चीत मागे टेकून बसायची आणि भुंगो सुरू झालो की डोळे मिटायची. मगे बाँब पडलो तरी उठायची नाय!"

मावशीचा आवाज जरा ओला झाला होता. आबांना वाटलं, भुंग्याच्या त्रासाने झाला.

ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "रोझी, तू काळजी करू नको. भुंगोय काढून टाकतलंव!"

*

गुंडाळायच्या यंत्रावर फेरे मोजणारा काटा होता, पण तो कधीच गंजून अडकला होता. म्हणजे मोजायचं तोंडाने. मध्ये एक शब्द बोललं की आकडा गेला.

मी तसाही फार बोलत नाही. मोजताना तर नाहीच. हे बाजारात कळलं, आणि ज्याला कुणाला मनातलं बोलायचं तो माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसू लागला. मासळीवाली ताराबाई तर पाटी खाली ठेवून रोज यायची. एके दिवशी तिने सासूची सगळी कहाणी सांगितली, अगदी लग्नाच्या दिवसापासून. मी यंत्र फिरवत होतो आणि ओठ हलवत होतो. शेवटी पदराने डोळे पुसत ती म्हणाली,

"माझ्या घोवान कधी इतक्या आयकून घेवक नाय! तुझ्यासारखो समजूतदार माणूस अख्ख्या मालवणात गावचो नाय रे!"

बाई एवढं चांगलं बोलली म्हणून मी म्हटलं, "नाय गो, तसा काय नाय."

आकडा गेला. सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून.

*

गुंडाळलेलं वेटोळं वार्निशमध्ये बुडवून मंद उष्णतेवर सुकवावं लागतं, नाहीतर आत दमट हवा राहते. आमच्याकडे भट्टी कुठली? आबा म्हणाले, शेजारी बेकरी आहे की! पाव काढून झाले की भट्टी बराच वेळ गरम राहते. बेकरीवाला भला माणूस. म्हणाला, ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक पाव हुंगत परत आलं.

"काय रे, आज पावाक पॉलिश मारलंस?"

बेकरीवाल्याने आधी पावाचा वास घेतला, मग भट्टीकडे पाहिलं, मग आमच्या दुकानाकडे. सगळे पाव त्याने परत घेतले. पण पाटी उचलताना चेहरा सरळ ठेवून म्हणाला, "नवीन पद्धत आसा. बुरशी धरूची नाय म्हणान."

त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी येऊन विचारलं, "ते टिकाऊ पाव संपले काय?"

*

ट्यूबच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पिन काढल्यावरही करंट साठून असतो. म्हणून आबांचा नियम आहे. आत हात घालायचा तर एकच. दुसरा खिशात. दोन्ही आत गेले तर धक्का छातीतून जातो.

मी जुना जळका ट्रान्सफॉर्मर उतरवत होतो तेव्हा एक अनोळखी गृहस्थ दुकानात येऊन बसले. पंख्याचं काहीतरी विचारलं. नमस्कार केला. मी मान हलवली. चहा आला, मी उजव्या हाताने घेतला, उजव्याच हाताने पुन्हा काम सुरू. डावा खिशात. ते बराच वेळ माझ्या खिशाकडे बघत होते.

ते कुणकेश्वर गावाहून मला मुलीसाठी पाहायला आले होते, हे मला आईकडे निरोप आला तेव्हा कळलं. निरोप असा होता : "मुलगो साधो, गरीब आसा. पण आमका चेडू दोन हातांच्या घोवाक देवचा आसा."

आईने कपाळावर हात मारला आणि उलट निरोप धाडला की दोन्ही हात आहेत, पुन्हा येऊन मोजून घ्या.

ते पुन्हा आले. तेव्हा मी दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचे फेरे मोजत होतो. दोन्ही हात यंत्रावर होते, अगदी स्पष्ट दिसत होते. त्यांनी आनंदाने माझं नाव विचारलं. शिक्षण विचारलं. घरी कोण कोण, विचारलं. मी ओठ हलवत राहिलो.

दुसरा निरोप आला : "हात आसत. पण मुको आसा."

*

दोन्ही ट्रान्सफॉर्मर बसले त्या दिवशी आबांनी नारळ आणला. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते नवीन पंपाचंसुद्धा बटण दाबत नाहीत. अर्धा बाजार जमला. आबांनी अ‍ॅम्प्लिफायरपुढे उभं राहून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो बस्त्यावाचो बाजो आमी चालू करतंव. तेच्यार कोणाची वाकडी नजर आसात ती दूर कर, आणि चेडवाच्या लग्नात बापाशीचो शब्द राख रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. रोझीमावशीने होय म्हाराजा म्हटलं आणि छातीवर बोटांनी क्रूसही काढला.

मी बटण दाबलं. ट्यूबा हळूहळू लाल झाल्या. आणि मग असा काही कर्कश आवाज सुटला, की समोरच्या छपरावरचे कावळे उडाले, ताराबाईची पाटी उलटली आणि तेवढ्यात मांजराने बांगडा पळवला!

आबा तसेच हात जोडून उभे. "म्हाराजा, काय चुकला आमचा?"

चुकलं फार काही नव्हतं. स्पीकरकडच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलटसुलट लागल्या होत्या. तसं झालं की तो स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळत सुटतो. मी पिन काढली, थांबलो, डावा हात खिशात घातला आणि तारांची अदलाबदल केली. पुन्हा बटण. किंचाळणं बंद! काकांनी एक तार छेडली. आवाज गोड आला.

आबांनी आभाळाकडे पाहिलं. "आयकल्यान!"

मी सोल्डरिंग गन बंद केली.

*

किंचाळणं गेलं, भुंगा मात्र राहिला. हूंऽऽ. मी तारा बदलल्या, जोड बदलले, पत्रे पुन्हा आवळले. हूंऽऽ. लग्न जवळ आलं होतं. झोपेतही तेच ऐकू यायचं.

शेवटी आबा येऊन बसले. म्हणाले, "ह्ये दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांकडे तोंड करून बसवलंस ना?"

"होय."

"माझ्या दोनय सुनो रांधपाच्या खोलयेत समोरासमोर बसतत तेव्हा काय होता, तुका ठावक आसा. एकीक आडवी कर."

मी नवीन भोकं पाडून विजेचा ट्रान्सफॉर्मर काटकोनात आडवा बसवला. बटण दाबलं.

शांत! इतका शांत, की बेकरीतलं घड्याळ ऐकू यायला लागलं. आबा बाजारभर सांगत सुटले.

काकांनी स्पीकरला कान लावला. "बरो झालो," ते म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "इंजीनरूमात कसा आसता म्हायत आसा? इंजीनाच्या आवाजात खलाशी ढाराढूर झोपता. इंजीन बंद पडला की जागो होता."

मला काही कळलं नाही. मी इतका दमलो होतो, की "होय" म्हणालो.

*

लग्नाला आबा आणि मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. चर्चशेजारचा हॉल भरला होता. स्टेजवर ग्रेसी, पांढऱ्या पोशाखात, नवऱ्याशेजारी मोठ्या खुर्चीत. काकांनी कोट घातला होता. गिटार गळ्यात अडकवली, अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं आणि हात खाली सोडून उभे राहिले.

ग्रेसीने वळून पाहिलं.

"पप्पा, चालू केलंस?"

"केलंय गो."

"मगे भुंगो खंय?"

आबा शेवटच्या रांगेतून उभे राहून ओरडले, "काढलंव तो! मुळापासून!"

लोक हसले. ग्रेसी हसली नाही. हातातल्या फुलांकडे बघत बसली. काकांनी तारांवर बोटं ठेवली, पुन्हा उचलली. गिटार खाली ठेवली. स्टेजवरून उतरले आणि खुर्च्यांमधून वाट काढत थेट माझ्यासमोर आले.

"स्क्रूड्रायव्हर आसा?"

तो माझ्या खिशात असतोच.

"मगे तो आडवो केलंस तो उभो कर."

"मेल्या, हात लावू नको!" आबांनी माझी बाही धरली. "आपल्या दुकानाचा नाव आसा!"

मी बाही सोडवून घेतली. सगळ्या वऱ्हाडासमोर पिन काढली, थांबलो, डावा हात खिशात घातला. जुनी भोकं तशीच होती. चार बोल्ट काढले, ट्रान्सफॉर्मर फिरवला, बोल्ट आवळले. मागून कुणीतरी बाई हळहळली, "बिचाऱ्याचो एक हात नाय वाटता!"

पिन लावली. ट्यूबा लाल झाल्या.

हूंऽऽऽ.

काकांनी गिटार उचलली आणि वाजवायला सुरुवात केली. फोटोवाला खुर्चीवर चढला, कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. मग वैतागून ओरडला,

"नवरी! अगो बाय, डोळे उघड! अगो, फोटो काढूचो आसा, डोळे उघड गो!"