मधल्या सीटचा बेल्ट

नमस्कार. या सदराची मी जुनी वाचक, पण लिहायची ही पहिलीच वेळ. आधीच सांगते, इथे छापून येणाऱ्या असल्या गूढ अनुभवांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं काढली. रीडिंग विचित्र आलं की आधी उपकरण तपासायचं, मग सॅम्पल, आणि शेवटी आपलं स्वतःचं काही चुकलंय का ते बघायचं... ही सवय अंगात मुरलेली. या अनुभवात मी तिन्ही गोष्टी तपासल्या. चूक माझीच सापडली, पण जे घडलं त्याचं कारण काही सापडलं नाही.

आम्ही कुंभवलीत राहायचो. मी, माझा नवरा समीर, सहा वर्षांची ओवी आणि समीरची आत्या. समीरची आई तो लहान असतानाच गेली. आत्याने लग्न केलं नाही, त्याला वाढवलं. पुढे ओवीलाही तिनेच सांभाळलं, कारण समीरच्या शिफ्ट आणि माझी नोकरी. ओवी पहिला शब्द बोलली तो 'आई' नव्हता, 'आत्ती' होता. मला ते लागलं होतं. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी समीरला विशाखापट्टणमजवळ एका औषध कंपनीत नोकरी लागली. राहायला कंपनीचं क्वार्टर, ओवीला चांगली शाळा. समीरला इंग्रजी लिहायचा कंटाळा, म्हणून सगळी कागदपत्रं मीच भरली. एका फॉर्मवर 'सोबत राहणाऱ्या व्यक्ती' असा रकाना होता. चार ओळी होत्या. मी तीन नावं लिहिली आणि चौथ्या ओळीवर आडवी रेघ मारली.

घरात सांगितलं, "नियम आहे त्यांचा. नवरा-बायको आणि मुलं, बस. एकच खोली आहे म्हणे, अगदी लहान."

खरं तर तीन खोल्या होत्या. नकाशा माझ्या मोबाइलमध्ये होता. पण नव्या गावात मला माझं एकटीचं स्वयंपाकघर हवं होतं. आत्याचं 'हाय-नाय' बोलणं नव्या शेजाऱ्यांपुढे नको होतं. आत्या वाईट होती का? नाही. दहा वर्षांत मला एकदाही उणं बोलली नव्हती.

समीरचा चेहरा उतरला. आत्याच त्याला म्हणाली, "जा रे तू. नियम म्हंजे नियम. माजं काय, सुनंदा हाय शेजारी."

सामान ट्रकने पुढे पाठवलं आणि आम्ही गाडीने जायचं ठरवलं. तीन दिवसांचा रस्ता. निघालो त्या सकाळी आत्या दारात उभी होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. कानाला पांढरा रुमाल बांधलेला. वारा अजिबात नव्हता. प्रवासाला निघताना ती कानाला रुमाल बांधायची, एरवी कधीच नाही. मी तो पाहिला... आणि पाण्याच्या बाटल्या मोजत बसले. शेवटच्या क्षणी तरी कोणी 'चल' म्हणेल असं तिला वाटलं असणार. ओवी रडत होती. समीरने आत्याच्या पाया पडून गाडी सुरू केली.

बेटेगाव मागे पडलं. चिल्हार फाट्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर टुंग-टुंग सुरू झालं. मागच्या मधल्या सीटवर कोणीतरी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही, असं ते चिन्ह. ओवी डावीकडे होती, तिचा बेल्ट लावलेला होता. मध्ये खाऊची पिशवी.

"पिशवीचं वजन," मी म्हणाले. समीरने गाडी बाजूला घेतली आणि पिशवी डिकीत टाकली. पुन्हा निघालो, पुन्हा टुंग-टुंग. त्याने सीट झटकली, खाली हात घालून वायर पाहिली. काही फरक नाही. शेवटी वैतागून समीरने रिकाम्या सीटवरच बेल्ट लावला. आवाज थांबला.

"पोचल्यावर सेन्सर दाखवू," तो म्हणाला.

ओवीला गाडी लागते. जवळच्या मनोरपर्यंत जायचं तरी उलटीसाठी दोन पिशव्या लागायच्या. त्या दिवशी भोर घाटासकट सोलापूरपर्यंत तिला काहीही झालं नाही. झोपली होती ती. मी माझ्या समोरच्या सनशेडच्या आरशात एकदा पाहिलं, तर ती मधल्या बाजूला कलंडली होती आणि वळणांवर तिची मान जराही डुलत नव्हती. कोणाच्या तरी खांद्यावर टेकल्यासारखी स्थिर. मी आरसा फिरवला. मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूर सोडून उमरग्याच्या बाजूला एका ढाब्यावर थांबलो. पन्नाशीचे मालक स्वतःच वाढत होते. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. त्यांनी चार ताटं मांडली.

"तिघंच आहोत," मी म्हणाले.

"आन् आज्जी? हात धुवायला गेल्या न्हवं?" त्यांनी नळाकडे पाहिलं. "तुमच्यासंगंच उतरल्या की. हिरवं लुगडं, कानाला रुमाल."

समीर हसला. "दुसऱ्या गाडीतल्या असतील."

पार्किंगमध्ये दुसरी गाडी नव्हती. मालकांनी चौथं ताट उचललं नाही.

दुपारी पेट्रोल पंपावरून मी शेजारच्या सुनंदाताईंना फोन लावला. त्या काळजीत होत्या. "तुमी गेल्यापासून आत्या पलंगावरच बसून हाय. रुमाल सोडत नाय कानाचा. जेव म्हटलं तर नको बोलते, गाडी लागते बोलते."

"आत्याला द्या," मी म्हणाले.

आत्याचा आवाज दमलेला होता, पण नेहमीसारखाच प्रेमळ. "कशी हायस पोरी? ओवी जेवली?"

"हो. तुम्ही का जेवत नाही?"

"भाकर लय कडक होती गो," आत्या म्हणाली. "माज्या दातांनी तुटली नाय. चटनी बरी होती, शेंगदाण्याची."

मी फोन बंद केला. आत्या आयुष्यात नाशिकच्या पुढे गेलेली नाही. कुंभवलीत आमच्याकडे तांदळाचीच भाकरी असते, मऊ. समीरला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने गाडी वळवली असती, आणि मग चौथ्या ओळीचा विषय निघाला असता. मला भुताची भीती वाटत नव्हती. पकडलं जाण्याची वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर. समीर दारातच थबकला. "अगं, केवढं मोठं आहे हे! तू तर एकच खोली म्हणाली होतीस."

"बदलून दिलं असेल त्यांनी," मी म्हणाले. अजून एक खोटं, इतकं सहज.

तो किल्ल्यांची सही करायला खाली गेला. मी मागच्या खोलीत जाऊन आत्याला फोन केला. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "पोचलो हो, आत्या. छोटंसंच आहे घर. एका खोलीत कसंबसं मावू."

मग ती म्हणाली, "तू उभी हायस ना, ती खोली ओवीला दे. दर्या दिसतो. तिला आवडंल."

खिडकीतून खरंच समुद्र दिसत होता. "आत्या, माझं चुकलं," मी म्हणाले. "तुम्ही या. मी समीरला पाठवते."

"नको गो. येऊन झालं माजं." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तीन दिवस तुज्या मागं बसले होते. सगळ्या वाटेत तू एकदा पन मागं वळून नाय बघितलं."

संध्याकाळी सुनंदाताईंचा फोन आला. आत्याने रुमाल सोडला होता आणि पोटभर जेवली होती.

पुढच्या महिन्यात मी ऑफिसात जाऊन आत्याचं नाव घालून घेतलं. पाच मिनिटांचं काम होतं. समीरला सांगितलं, नियम बदलला. तेव्हापासून तीनदा बोलावलं. ती येत नाही. गावी गेलो तेव्हा माझ्या आवडीचं कालवण करून वाढलं, ओवीला मांडीवर घेतलं, त्या प्रवासाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. तिच्याकडे बघून बोलणं मला अजून जमत नाही.

शोरूमवाल्यांनी गाडी दोनदा तपासली. सेन्सर ठीक आहे म्हणतात. भाकरीचं, खोलीचं, समुद्राचं काय, ते तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा. मला आजवर काहीच सुचलेलं नाही. रेघ मारली ती मात्र मीच, त्याला स्पष्टीकरण नको.

समीर हे सदर दर रविवारी वाचतो. समोर बसून त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिलं.