दाराएवढी फळी

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. माणूस भित्रा. नुसता सावध नव्हे. सावध माणूस कुलूप लावून एकदा ओढून बघतो, हे अख्खा जिना उतरून ओढून बघायला परत वर येत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी फुंकणं आपलं चालूच. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आत माणसं किती ते बघायचे, आणि त्यातली जाडी किती तेही.

अशा माणसाची बायको शाळेची बस चालवायची. पोरं त्यांना बसमावशी म्हणत आणि पोरांचं ऐकून मोठेही तेच म्हणू लागले. मावशींना कशाची म्हणून भीती वाटत नाही, असं लोक मोठ्या कौतुकाने सांगत. त्यात कौतुक कसलं कोण जाणे. निधड्या माणसाच्या वाटणीची भीती घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाहावी लागते. चष्मेवाले लग्न झाल्यापासून दोघांपुरतं भीत आले होते.

बसच्या वाटेवर एक मोठा तलाव लागे. फळीवर उभं राहून, शीड हातात धरून वाऱ्यावर सुसाट जाणारी माणसं मावशींना रोज दिसत. एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, "अहो, मी विंडसर्फिंग शिकणार आहे."

"कशाला?"

"कशाला काय? पोहता येतं मला. तुम्हालाही येतं."

"मला तरंगता येतं," चष्मेवाले म्हणाले. "तेही पाय टेकत असले तर."

पण काठावर बसून बघणं त्यांना झेपणारं नव्हतं. जीव टांगणीला लागायचाच आहे तर निदान जवळ असावं, असा उरफाटा विचार करून त्यांनीही नाव घातलं.

तलावावरचा कोच उन्हाने रापलेला, मोजकं बोलणारा माणूस होता. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांना सामानाच्या खोलीत नेलं. ओल्या कापडाचा आणि रबराचा वास येत होता. "नवीन माणसाने फळी रुंद घ्यायची. दारासारखी. फळीचं माप लिटरमध्ये असतं. लिटर जास्त, तितकं जास्त वजन ती पेलते. खाली मधोमध पाती हवी, म्हणजे ती आडवी घसरत नाही. शीड लहान आणि हलकं. कारण तुम्ही पडणार आहात, आणि पडल्यावर ते दोरीने ओढून पुन्हा उभं करायचं असतं."

"सगळ्यात जास्त लिटरची कुठली?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

ती पिवळी होती, कडेला ठेचाळलेली, पाठ खरखरीत झालेली. चष्मेवाल्यांनी तिच्यावर हात ठेवला तो काढलाच नाही.

मावशींनाही तसलीच मिळाली आणि त्या हिरमुसल्या. "हे दार घेऊन मी जाऊ कुठे?" त्या म्हणाल्या. थोड्या दिवसांनी बस दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या ओळखीने त्यांनी स्वतःची फळी विकत आणली. अरुंद, पांढरीशुभ्र, अंगावर लाल पट्टा. दिसायला सुरेख. कोचने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"ही वेगात असली तरच तुम्हाला तोलेल. थांबलात की पायाखाली बुडते. मग शीड उभं करणार कुठे उभं राहून?"

"मग थांबायचंच कशाला?" मावशी म्हणाल्या. सगळे हसले. चष्मेवाले हसले नाहीत.

कोच आणखी दोन गोष्टी रोज सांगे. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असला की काठाशी पाणी शांत दिसतं. त्या शांततेला भुलायचं नाही, कारण तो वारा तुम्हाला आत नेतो आणि परत आणत नाही. आणि काही झालं तरी फळी सोडून पोहायचं नाही. किनारा वाटतो तितका जवळ कधीच नसतो. बाकीचे जांभया देत. चष्मेवाल्यांना मात्र ते झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं.

मावशींनी सुट्टीचा दिवस गाठला. कोच नाही, काठावर चिटपाखरू नाही.

"पाणी बघा, इस्त्री केल्यासारखं," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांना वारा मानेवर लागत होता. मानेवर, म्हणजे मागून, म्हणजे जमिनीकडून. "अगं, आज नको. वारा बघ कुठून आहे."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," मावशी म्हणाल्या. लाइफ जॅकेटही त्यांनी वाळूत टाकलं. ते घातलं की हात अडतात म्हणे. कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी शीड उभं धरलं, वाऱ्याने ओढ घेताच फळीवर चढल्या आणि निघाल्या. सुंदर निघाल्या, हे कबूल करायला हवं. त्यांचं हसू बराच वेळ ऐकू येत होतं. मग ऐकू येईनासं झालं.

दूरवर शीड पडलं. चष्मेवाले बघत राहिले. शीड अर्धवट वर आलं, पुन्हा पडलं. पुन्हा आलं, पुन्हा पडलं. मग आलंच नाही.

त्यांनी कोचला फोन लावला. "निघालो," कोच म्हणाला. "मोटरबोट घेऊन येतो, पण वेळ लागेल. तुम्ही पाण्यात जाऊ नका. आणि त्यांना म्हणावं, फळी सोडू नका."

"इथून कसं म्हणू?"

पण कोचने फोन ठेवला होता.

चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. जायला काहीच लागणार नव्हतं, वारा आपोआप नेणार होता. परत येणं मात्र त्यांच्या हातात राहणार नव्हतं. पण बायकोला ते ओळखून होते. लाल सिग्नलला इंजिन घुरघुरवत बसणारी ही बाई, बुडत्या फळीला धरून मुकाट्याने वाट बघणार नव्हती. किनारा नजरेत भरला की ती उडी टाकणार होती, अंगात जॅकेट नसताना.

त्यांनी काठावर आणून ठेवलेल्या आपल्या पिवळ्या फळीचं शीड सोडवून तिथेच टाकलं. स्वतःचं जॅकेट आवळलं, मावशींचं पोटाखाली घेतलं, आणि फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारू लागले. पाय टेकणार नाहीत इतकं पाणी खोल झालं तेव्हा त्यांना कळलं, कारण ते एकदम गार झालं. काठाजवळची इस्त्री संपली आणि लाटा तोंडावर आपटू लागल्या. ते मोठमोठ्याने "नको, नको" म्हणत होते आणि हात मारत होते. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

पांढरी फळी रिकामीच आत वाहत चाललेली त्यांना दिसली. मग अलीकडे मावशींचं डोकं दिसलं. त्या पोहत होत्या, जोर लावून, आणि जागच्या जागीच होत्या. ओठ निळे पडले होते. चष्मेवाल्यांनी त्यांचं मनगट धरलं, ओढून फळीवर घेतलं आणि त्यांना जॅकेट घातलं. फळी हलली, पण बुडाली नाही.

श्वास परत येताच मावशी म्हणाल्या, "किनारा हा काय इथे आहे. चला, दोघं मिळून पोहू या."

"नाही."

"अहो, पण..."

"फळी सोडायची नाही. झोपून राहायचं."

असं ते बायकोशी कधी बोलले नव्हते. मावशींनी ऐकलं.

बोट आली, पण ती बऱ्याच वेळाने. पिवळा रंग लांबून दिसला म्हणून सापडलात, असं कोच म्हणाला, आणि आणखीही बरंच म्हणाला जे इथे सांगण्यासारखं नाही. त्याआधी मात्र दोघं गालाला गाल लावल्यासारखे फळीवर पडून होते आणि किनारा लहान होत होता. काठावरचं झाड आधी झुडूप झालं, मग दिसेनासं झालं. इंजिनाचा आवाज म्हणून जो ऐकू यायचा तो दर वेळी वाराच निघायचा.

तेव्हा मावशी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मला भीती वाटतेय."

भ्यालेल्या माणसाला लोक काय सांगतात ते चष्मेवाल्यांना ऐकून ऐकून पाठ होतं. काही होत नाही. उगाच घाबरू नकोस. मी आहे ना. यातल्या एकाही वाक्याने भीती तसूभर कमी होत नाही, हे या दोघांत त्यांनाच ठाऊक होतं.

"वाटणारच," ते म्हणाले. "मलाही वाटतेय. जॅकेटचा पट्टा धर माझ्या."

मावशींनी पट्टा दोन्ही हातांनी धरला. बोटीत चढवतानाही कोचला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.