गाडीत वेगळा केलेला कापूस

पुलगावच्या एका दलालानं मला फसवलं, आणि ते मला आगगाडीत एका म्हाताऱ्या बाईकडून कळलं. दोन तास घासाघीस करून मी कापसाचा भाव पाडला होता आणि नमुन्याची पुडी मांडीवर उघडून खुशीत वर्ध्याला निघालो होतो. समोर ती एकटीच बसली होती, पायाशी पत्र्याची पेटी. तिनं न विचारता चिमूटभर कापूस उचलला.

"मांगच्या सालचा मिसळवला यात, भाऊ."

"तुले काय समजते?" मी खेकसलो.

"वर्ध्याच्या जिनात सरकी काढता काढता उमर गेली माही. आता लेकीकडून वापस चालली."

खिडकीतून कोळशाचे कण येत होते, तरी बाहेरच बघत ती बोटांनी धागे ओढत राहिली. वर्धा येईपर्यंत माझ्या पुडीत दोन ढीग झाले. एकातला धागा ताण सोसत होता, दुसऱ्यातला लगेच तुटत होता.

"कोणाकडे चालल्या, बाई?" मी अहोजाहोवर आलो.

"कोणाकडे काऊन? माह्यंच गाव हाय."

पेटी डोक्यावर घेऊन ती रस्ता न विचारता चालू लागली.

ते दोन ढीग मी जपून ठेवलेत. ते पुन्हा मिसळून देतो; त्या दलालानं माझ्यासमोर बसून, खिडकीबाहेर बघत, असे वेगळे करून दाखवावेत; नाहीतर मला का फसवलं, ते भर बाजारात सांगावं.