मुलगी बघायला आलेल्यांनी पाहिलेला गोवा

माझं लग्न जमावं म्हणून जेवढी माणसं मुंबईहून आली, ती सगळी गोवा बघून खूश होऊन परत गेली. पणजीच्या चर्चच्या पायऱ्या त्यांना आवडल्या, जुन्या गोव्यातला काचपेटीतला संत आवडला, मीरामारचा वारा आवडला, काजू तर फारच आवडले. मी तेवढी पसंत पडले नाही. पण बघण्यासारख्या ठिकाणांत माझी गणती झाली हेही काही कमी नाही. सकाळी मुलगी, दुपारी जेवण, संध्याकाळी मीरामार, असा तो बेत असे.

आमचं घर डिचोलीजवळ सर्वणला. बाबा खाणीच्या कचेरीत कारकून होते. गोवा मुक्त झाला तेव्हा मी शाळेत होते आणि मुक्तीचा माझ्यापुरता अर्थ एवढाच, की पत्रादेवीची हद्द उघडली आणि सावंतवाडीचा मामा वाटेल तेव्हा यायला लागला. मामा कधी रिकाम्या हाती आला नाही. आधी आंबे आणायचा, मी मॅट्रिक झाल्यावर स्थळं आणू लागला.

स्थळं सगळी मुंबईची, कारण मला मुंबई हवी होती. हे मी तेव्हाही लपवलं नाही. मला नवरा नको होता असं नाही, पण नवऱ्याशिवाय मुंबई मिळाली असती तर मी कुरकुर केली नसती. मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे बोटीने शिळं होऊन यायचं. ते जिथे ताजं मिळतं तिथे राहावं, कचेरीत टाइपरायटरसमोर बसावं, मनगटावर घड्याळ असावं आणि त्यात बघून 'उशीर झाला' म्हणावं, एवढीच माझी हौस. सर्वणला कधी कोणाला उशीर होत नसे. शेजारची मुलं मुरगावला गोदीत कामाला गेली, दोघं आखातात गेले, पण बिनलग्नाची मुलगी मुंबईला पाठवायची म्हणजे बाबांच्या मते गावाला बोलायला विषय पुरवायचा. तेव्हा वाट एकच, मांडवातून जाणारी.

आमच्यात कुठलीही मोठी गोष्ट देवीला विचारल्याशिवाय होत नाही. भटजी मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि मग सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल एकदा मिळाला की मिळाला, तीच गोष्ट पुन्हा विचारायची नसते. स्थळ यायचं ठरलं की आई देवळात जायची आणि दर वेळी उजवी पडायची. आई घरी येऊन साखर वाटायची आणि मी मनातल्या मनात मुंबईला जायला निघायचे.

पहिली मंडळी सोमवारी आली. आमच्याकडे सोमवारी मासळी नाही, आणि दाखवण्याचा दिवस म्हणून आईने सोवळ्यात स्वयंपाक केला होता. मुगागाठी, खतखतें, सोलकढी. मुंबईहून रात्रभर सुरमईची स्वप्नं बघत आलेल्या त्या माणसांनी पानाकडे असं पाहिलं, की माझ्याकडे पाहायला त्यांच्यात त्राण उरलं नाही. वर बाबांनी त्यांना समुद्रावर न नेता देवळं दाखवली. घरंदाज माणसं पाहुण्यांना देव दाखवतात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या देवीपुढे उभं राहून त्यांनी तिची सगळी कथा सांगितली. देवी मूळची नदीपलीकडची. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा भक्तांनी तिला होडीत घातलं आणि काळोखातून नदी ओलांडून इकडे आणलं. पाहुणे 'अरेरे' म्हणाले आणि समुद्र इथून किती लांब ते विचारू लागले.

आठवड्याने मामाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. ती येण्याआधी जुळली होती. आमची पत्रिका मुगागाठीने बिघडली, असं मी म्हणाले तेव्हा आईने डोळे वटारले. पण पुढच्या खेपेला तिने सोमवार टाळला.

दुसऱ्या खेपेला बाबाही शहाणे झाले. खाणीच्या ओळखीने त्यांनी एक मॅटॅडोर मिळवली आणि बघण्यासारख्या गोष्टींचा क्रम ठरवला. एका मुलासाठी आठ माणसं आली आणि त्यांत मुलगाच नव्हता. त्याला रजा मिळाली नाही म्हणे. मावशांना आणि त्यांच्या लेकरांना मात्र मिळाली होती. त्यांनी सकाळी पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गरम उंडे खाल्ले, मला चालायला लावलं, एक गाणं म्हणायला लावलं, आणि गाणं अर्धं असतानाच मॅटॅडोर किती वाजता निघणार ते विचारलं. दिवसभर मी त्यांच्याबरोबर उन्हात हिंडले. पोरांना चर्चच्या पायऱ्यांवरून खाली उतरवलं, मावशांना काजूचं दुकान दाखवलं. निरोप आला, मुलगी काळवंडलेली आहे. उन्हात कोणी नेलं होतं, हे विचारायची सोय नव्हती.

मग मला त्यातली खुबी कळली. मी फार चांगली वाटाड्या झाले. कुठल्या चर्चमध्ये काय बोलायचं, फेरीबोटीवर कोणत्या बाजूला उभं राहायचं, सगळं मला येऊ लागलं. कळलं नाही तिथे मी दडपून सांगत असे. पाहुण्यांची चप्पल चिखलात रुतली की नवीन चप्पल कुठे मिळेल तेही माझ्या तोंडी होतं. फेरीवरचा तांडेल मला ओळखू लागला. 'हे खंयचे?' असं तो भुवईने विचारी आणि मी भुवईनेच सांगे, मुंबईचेच. गोवा मात्र मला तेव्हाच दिसला, हे कबूल केलं पाहिजे. डिचोलीच्या मुलीला मुरगाव बंदर कोण दाखवणार होतं?

त्या बंदराचं मला फार लागलं. आमच्या गावाशेजारचा डोंगर ट्रकांत भरून, मग बार्जवर, नदीतून तिथे येत होता आणि धक्क्याला लागलेल्या मोठ्या जहाजाच्या पोटात जात होता. बाबा पाहुण्यांना अभिमानाने सांगत, ही माती जपानला जाते. मी कठड्याला धरून उभी होते. डोंगर जपानला निघाला होता आणि मला मुंबईसुद्धा मिळत नव्हती. मला रडू आलं, तर पाहुण्यांतली बाई म्हणाली, डोळ्यांत माती गेली वाटतं.

शेवटचं स्थळ आलं ते मुलासकट. सोबत त्याची आई आणि काका. मामा म्हणाला, हां आता खरां. मुलगा साधा होता, सरकारी कचेरीत होता, आणि बाबांच्या कथेतली देवी नदी ओलांडून आली तेव्हा त्याने 'कोणत्या गावातून?' असं विचारलं. एवढं विचारणारा तो पहिला. बाबा इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी थेट पेडण्यातल्या मांद्र्याच्या समुद्रावर न्यायचं ठरलं. तेव्हा तिथे माड आणि मासळी सुकवणाऱ्या बायका यांशिवाय काही नव्हतं. काकांना तेच हवं होतं. ते पाण्यात उतरले आणि तिकडेच रमले. दोघी आया माडाखाली बसल्या. मामाने आम्हा दोघांना किनाऱ्यावरून चालून यायला सांगितलं, सगळ्यांना दिसू एवढ्या अंतरावर.

आता विचारायचंच, असं मी ठरवलं होतं. मुंबईत बघण्यासारखं काय काय आहे, मी विचारलं. तो विचारात पडला. मी नावं घेत गेले, वर्तमानपत्रातून मला सगळी पाठ होती. राणीचा बाग लहानपणी पाहिला होता म्हणाला. म्युझियम बाहेरून. घारापुरीची लेणी राहिलीच आहेत. गेटवेला पाहुणे आले तेव्हा जावं लागलं होतं. मला त्याचा राग आला. ज्या ताटासाठी मी जीव टाकत होते त्यासमोर बसून हा उपाशी राहिला होता. आणि खरं सांगायचं तर तो मला आवडलाही, कारण थापा मारल्या नाहीत.

"मग गोवा आवडला का?" मी विचारलं.

"छान आहे," तो म्हणाला. "आम्ही मे महिन्यात मुली बघतो. मागच्या वर्षी रत्नागिरी केली. आईला फिरायची आवड आहे."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं, की त्यात काही चुकलं असं त्याच्या मनातही आलं नसावं. मी चालता चालता थांबले. माडाखाली माझी आई त्याच्या आईला शहाळं सोलून देत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मला ती बघवेना.

निरोप यायची वाट मी पाहिली नाही. तो आलाच, पत्रिकेचा.  तिसऱ्या दिवशी मामा नवीन नाव घेऊन हजर, आणि आई मुकाट्याने फुलं घेऊन देवळात निघाली. मी तिच्याबरोबर गेले. वाटेत मी तिला विचारलं, दर वेळी देवीला नेमकं काय विचारतेस? ती म्हणाली, काय विचारणार, मुंबईची माणसं आपल्याकडे येतात ती येऊ देत ना, म्हणून. मी वाटेतच बसकण मारली. देवी बिचारी दर वेळी म्हणाली होती, येऊ देत. माणसं येत होती, जेवत होती, फिरत होती, जात होती. देवीचं काहीच चुकलं नव्हतं. पुढचं आम्ही विचारलंच नव्हतं, आणि विचारल्यावाचून जास्त बोलायची तिला सवय नव्हती.

मागून आलेले बाबा आणि मामा बाहेर मंडपात बोलत राहिले. आत भटजींनी पाकळ्या लावल्या आणि काय विचारू, म्हणून आईकडे पाहिलं. आईच्या आधी मी बोलले.

"लग्न जायनासतना हांव मुंबयक वचूं काय, अशें विचारात."

लग्नाशिवाय मुंबई, हे ऐकून भटजींनी पुन्हा आईकडे पाहिलं. ती मला दटावेल असं मला वाटलं होतं. तिने नुसती मान हलवली. गाऱ्हाणं सुरू झालं आणि मी डोकं टेकून डोळे मिटून घेतले, कारण बघायचा धीर नव्हता. समईत तेल चुरचुरत होतं. मला वाटत होतं की माझं सगळं आयुष्य त्या दगडावर ओलं होऊन चिकटलं आहे. मग आईचा आवाज आला.

"उजवी."

मी डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंच्या पाकळ्या खाली आल्या होत्या.  भटजींनी आईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पाकळ्या गोळा करून तबकात टाकल्या आणि मला तीर्थ दिलं. आई बाहेर गेली आणि बाबांना म्हणाली, देवीन सांगलां. बाबांचा चेहरा पडला. पण ज्या देवीची कथा आयुष्यभर लोकांना सांगितली, तिचा शब्द मोडणार कसा? मामाने नवीन स्थळाचं नाव खिशात परत ठेवलं.

आईची मावसबहीण गिरगावात होती. तिच्याकडे राहायचं, टायपिंगचा क्लास करायचा, मग नोकरी बघायची, असं ठरलं. पणजीच्या धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा मुंबईहून आलेले काही पाहुणे अजून सामानाशी घोटाळत होते. त्यांच्यातल्या एका गृहस्थाने बाबांना विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे हो? बाबा मला पोचवायला आले होते, डोळे भरलेले होते, पण सवय ती सवय. ते त्या माणसाला हाताला धरून बाजूला घेऊन गेले आणि चर्चच्या पायऱ्यांपासून सांगायला लागले.

आम्ही दोघीच उरलो. आई माझी ट्रंक उगाच सरळ करत होती. बोटीचा भोंगा झाला तेव्हा ती बोटीकडे बघतच म्हणाली, "पाकळी दावी पडल्ली गो."

 जी बाई तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नसे, ती देवीच्या समोर उभी राहून, देवीच्या नावाने, खोटं बोलली होती. आणि भटजी ते पाहून गप्प बसले होते. तुला भीती नाही वाटली का, मी विचारलं. वाटली, ती म्हणाली, अजून वाटते.

"पूण देवी न्हंय हुपून हांगा आयली," नदी ओलांडून आलेल्या देवीची ती कथा आठवत ती म्हणाली, "तेन्ना तिणें कोणाची पाकळी घेतिल्ली?"

मग तिने उंड्यांचं पुडकं माझ्या हातात कोंबलं आणि चल, म्हणाली, उशीर झाला.