दोन इंच मोकळी जागा

सावळीराम मिस्त्री नाशकात तीस वर्षं पत्र्याचं काम करत होता. न्हाणीघरातले तांब्याचे बंब, हॉटेलांच्या भट्ट्यांची धुराडी. त्याच्या कामात फट सापडत नसे. फट म्हणजे कामचुकारपणा, असं तो मानायचा.

दोन हजार पाच सालच्या माघात दिंडोरीच्या महेश वडजेचं मळ्यातलं नवं घर पुरं झालं. द्राक्षं परदेशी पाठवता पाठवता महेश एकदा तिकडे जाऊन आला होता. तिथल्या घरांतली, भिंतीत बसवलेली शेकोटी त्याच्या मनात भरली होती. ती कारखान्यातच तयार होऊन आली. लोखंडी पेटी, एकात एक घातलेले दुहेरी पाइप आणि एक इंग्रजी पुस्तिका. बसवायला सावळीरामला बोलावलं.

पेटी त्याने भिंतीत बसवली. पाइप सागवानी छतातून वर काढला, कौलांच्या आढ्यापेक्षा उंच नेला, टोकाला टोपी घातली. सुताराने पुस्तिकेतलं चित्र बघून छतातलं भोक मोठं कापलं होतं. पाइपाभोवती दोन इंचांची फट राहिली. सावळीरामला ती बघवेना. बॉयलरला गुंडाळतात ती काचेची लोकर त्याने सातपूरच्या कारखान्यांकडून आणली, फटीत ठासून भरली आणि खालून पत्र्याची चकती लावली. लोकर जळत नाही. त्याच्या मनाला बरं वाटलं.

वास्तुशांतीला महेशच्या आईने, लंकाबाईंनी, एकच हट्ट धरला. पहिलं दूध या शेकोटीवरच उतू जायला हवं. पेटीत तिवई ठेवली, तिच्यावर पितळी पातेलं चढलं. गुरुजी म्हणाले, मुहूर्ताला पंधरा मिनिटं आहेत. महेशची बायको भाग्यश्री शाळेत इंग्रजी शिकवायची. ती तोवर पुस्तिका चाळत बसली.

"काका, इथे लिहिलंय, पाइप आणि लाकूड यांच्यात दोन इंच जागा रिकामी ठेवा. काही म्हणजे काही भरू नका, न जळणारी वस्तूसुद्धा. उष्णता कोंडते आणि लाकूड तापत जातं." तिने मान वर केली. "तशी ठेवलीय ना?"

सावळीरामने छताकडे बघितलं. चकती घट्ट बसली होती. ती काढल्याशिवाय खालून कुणाला काही कळणार नव्हतं. पातेल्यापुरत्या विस्तवाने आज काही झालंही नसतं. पण थंडीभर इथे लाकडं जळणार होती, आणि शेजारच्या खोलीत, याच सागवानी छताखाली, महेशची मुलं झोपणार होती.

"नाही, ताई," तो म्हणाला. "मी भरलीय. गच्च."

मिस्त्री आपली चूक इतक्या सरळ कबूल करेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

"तीस वर्षांचा अनुभव म्हणून तुम्हाला आणलं, मिस्त्री," महेश म्हणाला. "आधी वाचून घ्यायचं ना."

"घ्यायला हवं होतं. मला वाटलं, पाइपाचं काम मला कोण शिकवणार."

"धा मिंटं राहिलीत," लंकाबाई म्हणाल्या. "जरासा जाळ कर. तेवढ्यानं काय व्हतंय?"

"आज काही होत नाही, मावशी. पण आज पेटली, तर उद्या मीच म्हणेन, राहू दे की."

लंकाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग स्वतःच पातेलं उचललं.

"चला, गॅसवर. लय हट्टी मानूस हाय हा. माझ्यापेक्षा बी."

दूध स्वयंपाकघरात उतू गेलं. सावळीराम तेव्हा शिडीवर होता. चकती उतरवून मूठमूठ लोकर ओढून काढत होता. काचेचे तंतू मनगटांत रुतले, हात लाल झाले. माळ्यावर चढून त्याने वरूनही बोट फिरवलं. एकही धागा राहिला नव्हता. मग भाग्यश्री शिडीखाली उभी राहिली आणि पुस्तिका पहिल्या पानापासून मराठीत सांगू लागली. पूर्वी बसवलेला एकेक स्क्रू तो त्या ओळींशी ताडून बघत गेला. कुठेही त्याने "हे मला ठाऊक आहे" म्हटलं नाही.

दिवेलागणीला शेकोटी पेटली. धूर सरळ वर गेला. पाहुणे विस्तवाभोवती जमले. सावळीराम पुन्हा शिडी चढला आणि पाइपाजवळच्या छताच्या फळीवर तळहात टेकवून उभा राहिला. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"उतर आता," लंकाबाई म्हणाल्या. "पानं वाढलीत."

"अजून थोडी लाकडं टाका," तो वरूनच म्हणाला. "मग येतो."