जाऊबाईंची वाईची सहल

आमच्या गावातल्या बायकांची एक दिवसाची सहल दरवर्षी निघते. भात घरात आलं, वाल पेरून झाले की कुणीतरी विषय काढतं आणि लोधिवलीच्या एकाची बस ठरते. मुरुडचा राजवाडा, चौलच्या वाड्या, भोरचा वाडा असं आम्ही मिळून पाहिलं. बस खोपोलीवरून घाटाला लागली की पुढच्या बाकांवर गाणी सुरू व्हायची आणि मागच्यांना उलट्या.

माझ्या मोठ्या जाऊबाई कधीच आल्या नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "यांच्या भाकरीचं कोन बघील गं?" त्या वर्षी वाई ठरली आणि त्यांनी आपणहून विचारलं, "मला जागा हाय का?"

निघायच्या दिवशी त्या नवी कोरी साडी नेसून आल्या. हातात तांदळाची जड पिशवी, आमच्याच शेतातला नवा कोलम. मी हसले. "जाऊबाई, सहलीला तांदूळ कशाला?"

"असू दे," म्हणाल्या आणि पिशवी पायाशी न ठेवता मांडीवर घेऊन बसल्या.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण गावात तो विषय इतका बंद झाला होता की डोक्यातही येत नसे. जाऊबाईंना एकच मुलगी. बारा-तेरा वर्षांपूर्वी ती कुंभिवलीच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा आपल्यातला नव्हता. माझ्या मोठ्या दिरांनी भर अंगणात तिच्या नावाने अंघोळ केली आणि सांगितलं, "या घरातून तिच्याकडे कुनी जायाचं नाय." जाऊबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मुलीचे कपडे त्यांनी दुसऱ्या दिवशी धुतले, वाळवले आणि घडी करून ठेवून दिले. मग वर्षं गेली.

सकाळी आम्ही वाईजवळच्या मेणवलीला पोचलो. नदीकाठचा जुना वाडा, भिंतींवरची चित्रं, घाटावरची ती मोठी घंटा. बायका फोटो काढत होत्या. जाऊबाई चौकात आल्या नि थेट दुसऱ्या दाराने बाहेर पडल्या. पुन्हा पुन्हा मला विचारत होत्या, "बाजारात कवा जायाचं?"

वाईत बस थांबली आणि बायका हळद घ्यायला पांगल्या. जाऊबाईंनी एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्याने माझा हात धरला. "माझ्यासंगं चल. एकटीला धीर होत नाय."

"कुठं?"

"पोरीकडं. कुंभिवलीच्या टेंपोवाल्याने सांगितलंय. नदीच्या घाटाच्या मागल्या आळीत गिरणी हाय त्यांची."

गिरणी लगेच सापडली. हळद दळत होती, सगळी आळी त्या वासाने भरली होती. दारातल्या टेबलाशी ती उभी होती. अंगाने भरली होती, केसांवर पिवळी भुकटी. आम्हाला गिऱ्हाईक समजून म्हणाली, "या, कुठली देऊ?" आणि मग तिने आईकडे पाहिलं.

ती रडेल, धावत येईल असं मला वाटलं होतं. तिने गिरणीचं बटण बंद केलं. इतकं शांत झालं की जाऊबाईंचा श्वास ऐकू येऊ लागला.

"बसा," ती आईकडे बघून म्हणाली. 'तुम्ही' म्हणून.

आम्ही बाकावर बसलो. तिने चहा आणला. जाऊबाई कपाला हात न लावता तिच्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात आतून आठ-नऊ वर्षांची मुलगी आली. हुबेहूब जाऊबाईंचं कपाळ.

"आई, या कोण?"

ती म्हणाली, "सहलीच्या बाया आहेत. खोपोलीकडच्या."

पोरगी बोलकी होती. जाऊबाईंजवळ येऊन बसली. "आजी, तुम्ही मेणवलीचा वाडा बघितला?"

कुणाही म्हाताऱ्या बाईला पोरं म्हणतात, तसंच ती आजी म्हणाली. पण जाऊबाई तिच्याकडे वळून बसल्या.

"हो गं. बघितला."

"कसा वाटला?"

"मोठा हाय," जाऊबाई म्हणाल्या. "लय मोठा हाय." आणि त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पोरीने फिरवू दिला. आमच्या शाळेची सहलही तिथेच गेली होती, मी घंटा वाजवली, बाई ओरडल्या, असं काय काय सांगत होती. जाऊबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. एवढं सुख आणि एवढं दुःख एकाच चेहऱ्यावर मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

जाऊबाईंच्या मुलीने लेकीला आत पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तिला सांगितलंय की मला माहेर नाही. सगळे गेले म्हणून सांगितलंय. आता काय सांगू? होते, पण कुणी आलं नाही?"

जाऊबाई म्हणाल्या, "मला येऊ देत नव्हते गं."

"माझं बाळंतपण अवघड झालं. निरोप धाडला होता मी."

"मला कळला नाय. खरंच नाय कळला."

"असेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "पण मी तेव्हा खूप वाट बघितली. आता नका येऊ. मला परत तसं नाही व्हायचं."

जाऊबाई उठल्या. आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि पायऱ्या उतरल्या. आम्ही आळीच्या टोकाशी पोचलो तोच मागून पावलं वाजली. ती धावत आली होती. जाऊबाई झटकन वळल्या.

"हे राहिलं तुमचं," ती म्हणाली आणि तांदळाची पिशवी पुढे केली.

"तुझ्यासाठीच आनलाय."

"इथे मिळतो तांदूळ." पिशवी तिने आईच्या हातात दिली आणि मागे फिरली. दुकानाच्या पाटीवरचा नंबर मी निघताना मोबाईलमध्ये घेऊन ठेवला होता, तेवढंच माझ्या हातून झालं.

परतीच्या बसमध्ये बायकांनी भेंड्या लावल्या. जाऊबाई खिडकीशी बसल्या होत्या, पिशवी परत मांडीवर. सगळ्यांना वाटलं त्यांना बस लागली. कुणी लिंबू दिलं, कुणी आवळासुपारी. त्यांनी दोन्ही घेतलं.

घरी पोचलो तेव्हा दीर ओटीवर होते. "काय काय बघितलंस गं?" त्यांनी विचारलं.

"वाडा बघितला," जाऊबाई म्हणाल्या आणि पिशवीतले तांदूळ डब्यात ओतून भाताचं आधण ठेवलं.

त्यानंतर त्या सहलीला आल्या नाहीत. वाईबद्दल माझ्याशीही बोलल्या नाहीत. फक्त शाळा सुटायच्या वेळी ओटीवर येऊन बसू लागल्या आणि रस्त्याने जाणाऱ्या पोरींना हाक मारून काहीबाही विचारू लागल्या.

मागच्या वैशाखात सकाळी भाकरी थापताना त्या गेल्या. मी वाईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं, "बघते" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी सगळी तयारी झाली. लोक उचलायला पुढे आले, तेव्हा दीर म्हणाले, "थांबा जरा." थोड्या वेळाने पुन्हा तेच. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग दीर माझ्यापाशी आले. मान वर न करता विचारलं, "पोरीला कळवलंस का?"

इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "कळवलं," मी म्हटलं.

"मंग थांबू."

ते रस्त्याकडे तोंड करून बसले. एकेक गाडी हायवेवरून आत वळायची आणि त्यांची मान वर व्हायची. सगळ्या दुसऱ्यांच्याच गाड्या. ऊन कलल्यावर गावातले वडीलधारे म्हणाले, आता ठेवणं बरं नाही. दिरांनी मान हलवली.

पंधरवड्याने तिचा फोन आला. आई त्रासात गेली का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी नाही म्हटलं. मग सांगितलं की तुझे वडील तुझ्यासाठी थांबले होते.

तिने विचारलं, "काकी, खरं सांगताय की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरं सांगते गं."

"मी निघाले होते," ती म्हणाली. "खोपोलीच्या घाटाच्या तोंडाशी, खंडाळ्यापर्यंत आले होते. तिथून परत गेले."